अल्प प्रतिसाद

"आणि पॅप टेस्ट? शेवटची कधी केली होती?" सिस्टरनं विचारलं आणि मी जराही न अडखळता म्हणाले, "दोन वर्षं झाली असतील." तिनं मान वर केली नाही. फॉर्मवरच्या रकान्यात तेवढं लिहिलं, "नॉर्मल होती?" असं विचारलं, मी हो म्हणाले, तिनं बरोबरची खूण केली आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. मी गेले होते थायरॉइडच्या गोळीचं विचारायला. त्याआधी भरायचा तो नेहमीचा फॉर्म होता. वय, वजन, रक्तदाब, घरात कुणाला मधुमेह, कधी काही ऑपरेशन. सगळं खरं सांगितलं, वजनसुद्धा. खोटं बोलले ते फक्त या एका प्रश्नाला. मी शेहेचाळीस वर्षांची आहे आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन कॅन्सरआधीचे बदल शोधणारी ही तपासणी मी आजवर एकदाही केलेली नाही. बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा हातातल्या पावतीची घडी मी इतक्या वेळा घातली होती की ती मधोमध फाटली. मला रागावणारं तिथे कुणी नव्हतं. ती मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, दमलेली, दिवसातला चाळिसावा फॉर्म भरणारी. मी "नाही केली" म्हणाले असते तर तिनं तेही त्याच अक्षरात लिहिलं असतं. मग ते उत्तर इतकं तयार कसं होतं? जणू कित्येक वर्षं जिभेखाली ठेवलेलं होतं आणि कुणी विचारायचाच अवकाश होता. आता कागदोपत्री मी तपासणी झालेली बाई आहे.

मला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे, मैत्रिणींना सांगते आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो आणि बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवूनही देतं. काहींच्या बाबतीत तो मुक्काम ठोकतो, पेशी हळूहळू बदलायला लागतात. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे एक मूल जन्माला येऊन कॉलेजात जाईल इतका काळ हा आजार आपल्याला देतो. मध्येच कुणी पाहिलं, तर बदललेला तेवढा भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो. आणि तरी २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार जणींना हा कॅन्सर झाल्याचं कळलं आणि साडेतीन लाख बायका त्यानं गेल्या. दर दीड मिनिटाला एक. सिस्टर माझा फॉर्म भरत होती तेवढ्या वेळात दोघी-तिघी.

आणि मी म्हणाले, दोन वर्षं झाली असतील.

बातम्यांमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, 'तपासणीला महिलांचा अल्प प्रतिसाद'. मीही ते वाक्य कितीदा तरी वाचलंय, वर "बायका येतच नाहीत हो" असं म्हटलंयसुद्धा. मग कारणांची यादी येते. अज्ञान, लाज, भीती, खर्च, अंतर, वेळ. सगळी खरीच आहेत. रोजावर काम करणारीला एका तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर आणखी अर्धा दिवस. काही निघालं तर तिसरा, चौथा. मूल कुणाकडे ठेवायचं, घरी काय सांगून निघायचं, तिथे गेल्यावर बाई डॉक्टर असेल की नाही. एकदा पायरी चढलेली बाई अहवाल घ्यायला परत न येणं हे तर इतकं नेहमीचं आहे, की तपासणी आणि उपचार एकाच भेटीत उरकायची पद्धत त्यासाठीच निघाली. या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ९४ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, त्यात या अर्ध्या-अर्ध्या दिवसांचा हिशेब आहे. पण या यादीतलं एकही कारण मला लागू नव्हतं. मला दवाखाना जवळ, पैसे हाताशी, रजा शिल्लक. यादीच्या बाहेरचं काहीतरी होतं आणि ते शोधायला मला बरंच मागे जावं लागलं.

आईच्या आणि तिच्या बहिणींच्या बोलण्यात काही शब्द दार लोटूनच उच्चारले जायचे. 'अंगावरून जातंय.' 'पांढरं जातंय.' 'तिची पिशवी काढली.' मी आठ-नऊ वर्षांची असेन. पिशवी म्हणजे बाजारहाटाची, एवढंच ठाऊक. ती बाईच्या आत कशी असते आणि कुणी का काढतं, हे मला कित्येक दिवस कोडं होतं. आता वाटतं, किती विचित्र शब्द निवडला आपण. पिशवी म्हणजे दुसऱ्या कशासाठी तरी असलेली वस्तू. काम झालं की घडी घालून ठेवायची, फाटली की टाकायची. तिला तोंड असतं हे आम्हाला बाळंतपणाच्या वेळीच कळतं, "तोंड किती उघडलंय" असं कुणी विचारतं तेव्हा. एरवी त्या सगळ्या भागाला आमच्याकडे एकच शब्द होता, 'खाली'. खाली दुखतंय, खाली आग होतेय, खालची तपासणी. ज्या जागेला नाव नाही तिची चौकशी कोण आणि कशी करणार? आई अखेरपर्यंत 'तिकडचं दुखणं' म्हणायची, आणि तेसुद्धा डॉक्टरांना नाही, मला. मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचे, म्हणजे आम्हा दोघींची सुटका व्हायची. मराठीत सांगायला आजही माझी जीभ जड होते. हा लेख लिहिताना मी तीनदा 'तिथे' लिहून खोडलंय.

आणखी एक गोष्ट आईकडून आली. काही होत नसेल तर डॉक्टरकडे जायचं नाही. दुखणं अंगावर काढणं हा तिच्या लेखी गुण होता, निदान नाईलाज तरी नक्कीच. घरातल्या प्रत्येकाचं झाल्यावर उरलेल्या वेळात तिचं दुखणं. ही तपासणी मात्र अगदी उलटं मागते. काही होत नसताना जा, म्हणते. रक्त जात नसताना, दुखत नसताना, वास येत नसताना, धडधाकट असताना, कामाच्या दिवशी, मुद्दाम उठून जा. कारण लक्षणं दिसायला लागतात तेव्हा बहुतेकदा ती सवड सरत आलेली असते. "मला काय धाड भरलीय?" हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलंय, कामाला येणाऱ्या बाईंच्या तोंडून ऐकलंय, आणि पस्तिशीत असताना स्वतःशी जवळपास याच शब्दांत म्हटलंय. शिकले-सवरलेले असल्यानं मी ते 'सध्या जरा गडबड आहे' अशा भाषेत म्हणायचे एवढंच.

पण खरं कारण याच्याही मागे होतं. सत्ताविसाव्या वर्षी, रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून, माझी पहिल्यांदा आतून तपासणी झाली. कुठे, कुणी केली, हे सांगायचं नाही. हिरवा पडदा होता आणि तो एका बाजूनं कडीतून निसटलेला होता. टेबलावरचं रेक्झिन मांडीला चिकटत होतं. मला कुणी काही सांगितलं नाही. काय घालणार, कशासाठी, किती वेळ. फक्त "सैल सोडा, सैल सोडा" असं दोनदा वरच्या पट्टीत, आणि मग थंडगार धातू. मी आक्रसून गेले तशी "एवढ्याला काय रडायचं?" असं आलं. तेवढ्यात दार ढकलून कुणीतरी एक फाइल मागायला आत आलं, फाइल घेऊन गेलं, दार तसंच राहिलं. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. दुखलंही फार नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण त्या दोन मिनिटांत मी त्या खोलीत नव्हतेच. एक उघडी जागा होती आणि तिच्याभोवती कामं चालली होती. नंतर एकोणीस वर्षं 'पॅप टेस्ट' हे दोन शब्द वाचले की मला तो निसटलेला पडदा दिसायचा आणि पान उलटलं जायचं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला लागले तेव्हा कळलं, जवळजवळ प्रत्येकीकडे असा एक पडदा आहे. एकीचं बाळंतपण, एकीचा गर्भपात. एकीवर लहानपणी अत्याचार झालेला. तिला ते टेबल दुरून पाहिलं तरी घाम फुटतो. एक अंगानं जाड आहे, प्रत्येक वेळी वजनावरून बोलणी खाल्लेली. एक व्हीलचेअरवर, तिला टेबलावर चढवायचं कसं हेच कुणाला सुचत नाही, म्हणून तिची तपासणी 'नंतर बघू'. एकीनं कधी पुरुषाशी संबंध ठेवलेला नाही, तिला "मग तुम्हाला गरज नाही" असं सांगून परत पाठवलेलं, आणि ते चूक आहे, कारण हा विषाणू बाईकडून बाईलाही जातो. या सगळ्याजणी 'लाज' किंवा 'भीती' या रकान्यात मोजल्या जात असतील. तो शब्द मला अपुरा वाटतो. भीती म्हटलं की ती बाईच्या मनात आपोआप उगवल्यासारखी वाटते. आमची तशी उगवलेली नाही, कुणीतरी पेरलेली आहे.

त्या थंड धातूचा इतिहास मी नंतर वाचला आणि वाटलं, हे अंगाला आधीच ठाऊक होतं की काय. स्पेक्युलमच्या, म्हणजे आतून तपासताना योनी उघडी धरणाऱ्या त्या साधनाच्या, एका प्रकाराला आजही ज्याचं नाव आहे तो डॉक्टर जे. मॅरियन सिम्स, १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून पाहत होता, भूल न देता. पहिलं साधन त्यानं एक चमचा वाकवून केलं. त्या बायकांपैकी तिघींची नावं उरली आहेत: अनार्का, बेट्सी, लूसी. अनार्कावर तिसेक वेळा शस्त्रक्रिया झाली. त्याचा पुतळा न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ साली हलवला. मग बाल्टिमोरची हेन्रिएटा लॅक्स, १९५१ साली एकतिसाव्या वर्षी याच कॅन्सरनं गेलेली. तिच्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या आणि त्या प्रयोगशाळांमध्ये आजतागायत वाढत आहेत; घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे दाखवलं, २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या विषाणूचा अठरा क्रमांकाचा प्रकार हेन्रिएटाच्या पेशींतही निघाला. आज आपल्याला वाचवणारं ज्ञान अशा बायकांच्या अंगावरून चालत आलंय, आणि ते घेताना कृतज्ञ व्हावं की संतापावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही होतं.

त्याच वाचनात एक जण भेटली आणि तिनं मला थोडं मऊ केलं. ग्रीसमधून नवऱ्याबरोबर न्यू यॉर्कला आलेली अँड्रोमाकी, सगळे तिला मेरी म्हणत. नवरा जॉर्ज पापानिकोलाऊ, ज्याच्या नावाचं पहिलं अक्षर-दोन अक्षरं त्या 'पॅप'मध्ये आहेत. योनीतल्या स्रावाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काही कळतं का, हे तो शोधत होता आणि त्यासाठी वर्षानुवर्षं नमुने देत राहिली ती मेरी. त्याच्याच प्रयोगशाळेत ती काम करायची. १९२८ साली त्यानं कॅन्सरच्या पेशी अशा दिसतात हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबरचा त्याचा शोधनिबंध यायला १९४१ साल उजाडलं. मधल्या त्या सगळ्या वर्षांत मेरीनं किती वेळा काचेच्या पट्टीसाठी नमुना दिला असेल! पण तिला माहीत होतं कशासाठी. तिला विचारलेलं होतं. त्या टेबलावरची ती माझ्या माहितीतली पहिली बाई, जी खोलीत पूर्णपणे हजर होती.

माझ्या एका मैत्रिणीची तपासणी पॉझिटिव्ह आली होती, चार-पाच वर्षांपूर्वी. कॅन्सर नव्हता, एचपीव्ही होता आणि पेशींत बदल दिसत होते. तिनं मला फोन केला तेव्हा ती पार्किंगमध्ये गाडीत बसून होती, काचा वर करून. मला वाटलं आजाराची धास्ती घेतलीय. तर ती म्हणाली, "घरी काय सांगू? तो विचारणार, हे आलं कुठून." आणि खरंच त्यानं तेच विचारलं. तिनंही मनात त्याच्याबद्दल तेच विचारलं होतं. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, तो कधी आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही, तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे, हे एवढं डॉक्टरांनी अहवाल हातात देताना म्हटलं असतं, तर त्या घरातले दोन महिने वाचले असते. पुढे तिचा तो भाग काढला, दुपारी घरी आली, आठवड्याभरात कामावर. आज ती ठणठणीत आहे आणि याबद्दल बोलत नाही. का बोलावं? सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. जी या आजारानं जाते तिची गोष्ट गावभर होते. जी वाचते तिच्याकडे एक दुपार असते फक्त.

म्हणून तर एका मृत्यूनं जे झालं ते शंभर पत्रकांनी झालं नसतं. ब्रिटनमधल्या रिअ‍ॅलिटी शोमधून गाजलेली जेड गुडी आठवते? आपल्याकडच्या 'बिग बॉस'च्या घरात असतानाच, ऑगस्ट २००८ मध्ये, तिला कॅन्सर असल्याचं कळलं होतं. २२ मार्च २००९ ला सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. तिचं आजारपण लोकांसमोर चाललं होतं त्या सुमाराला, २००८ च्या मध्यापासून वर्षभरात, इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे ५ लाख जास्त तपासण्या झाल्या. मग आकडा हळूहळू खाली आला. दुःखाची साद फार दिवस टिकत नाही.

साद. हा शब्द मी लिहिला आणि थांबले. 'अल्प प्रतिसाद' म्हणतो आपण, आणि त्या शब्दातच साद बसलेली आहे. आधी कुणी हाक मारायची असते, मग ओ येते. हाक कुणी मारली, कशी मारली, हे न विचारताच आपण ओ मोजायला बसतो. मला आठवतो तो मुंबईतल्या वस्त्यांमधला अभ्यास. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवडे शिकवलं आणि त्यांनी पातळ ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे साध्या व्हिनेगरसारख्या द्रवाचा, बोळा लावून तपासण्या केल्या. बदललेल्या पेशींची जागा मिनिटभरात पांढुरकी होते, नुसत्या डोळ्यांना दिसते. दीड लाख बायकांचा तो अभ्यास, बारा वर्षांचा. ज्या गटाला तपासणी मिळाली तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला तो दुसरा, २००९ साली प्रसिद्ध झालेला: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची, म्हणजे पेशींतले बदल नव्हे तर तो विषाणूच शोधणारी, चाचणी, आणि आठ वर्षांत त्या गटातले मृत्यू जवळपास निम्म्यावर. हे निकाल जगानं उचलले, आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. पण मला त्यात आकड्यांच्या मागचं दृश्य दिसतं. कुणीतरी दारात आलं. नाव घेऊन बोललं. आत काय करणार ते सांगितलं. बरोबर चला म्हणालं. त्या बायका तपासणीला गेल्या.

आणि विश्वास मोडला तर काय होतं तेही घडून गेलंय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६६ पासून काही स्त्रियांच्या कॅन्सरपूर्व बदलांवर पुरेसे उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं गेलं, त्यांना न सांगता. काहींना कॅन्सर झाला, काही गेल्या. १९८७ साली एका मासिकानं ते उघड केलं, पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. या बायका तर वेळेवर तपासणीला गेल्या होत्या. त्यांनी प्रतिसाद दिला होता.

मी आत्याला फोन केला. त्या खोट्या उत्तराचं सांगायला तिच्याइतकं जवळचं कुणी उरलेलं नाही. ती एकसष्ट वर्षांची आहे. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुला निदान विचारलं तरी गं. मला आजवर कुणी विचारलंच नाही." मी म्हटलं, "अगं पण आत्या, तुझी तर पिशवी काढलीय ना?" "काढलीय की. म्हणून तर मी निवांत." पिशवी काढली म्हणजे सुटले, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही. पण कधीकधी वरचा भाग काढतात आणि तोंड तसंच ठेवतात. तसं असेल तर तपासणी करायची असते. आत्यानं कपाटातली जुनी फाइल काढली, मी फोनवर त्या कागदाचा फोटो तीनदा मोठा करून वाचला. तोंड ठेवलेलं होतं. बावीस वर्षं ती निवांत होती आणि त्या बावीस वर्षांत गुडघ्यासाठी, डोळ्यांसाठी, रक्तदाबासाठी ती किती डॉक्टरांसमोर बसली होती. "आपण दोघी जाऊ," मी म्हणाले. हे वाक्य तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. एकटीसाठी मी उठले नसते एवढं खरं.

दुसऱ्या एका ठिकाणी गेलो, मैत्रिणीनं सुचवलेल्या. डॉक्टरबाईंनी आधी आम्हाला खुर्चीत बसवलं, कपडे अंगावर असताना बोलल्या. आत्याला म्हणाल्या, "पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी, नाजूक होते, त्यामुळे तुम्हाला जास्त दुखू शकतं. तुम्हाला चालणार असेल तर नमुना तुम्हीच घ्या." कापसाचं टोक असलेली एक लांब काडी. आत घालायची, काही वेळा फिरवायची, काढून नळीत ठेवायची. पॅपसाठी हे चालत नाही, एचपीव्हीच्या चाचणीसाठी चालतं, आणि नीट चाचणी वापरली तर डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचं निदान होतं. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून प्रत्येकीला हा पर्याय आहे. आत्या काडी घेऊन बाथरूममध्ये गेली, पाच मिनिटांत बाहेर आली, नळी सिस्टरच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंच?" तिच्या आवाजात मला हलकेपणा अपेक्षित होता. तो नव्हता. ती दुखावल्यासारखी दिसत होती. एवढ्यासाठी एवढी वर्षं, असं काहीतरी.

माझा फॉर्म पुन्हा नव्यानं. पॅप टेस्ट, शेवटची कधी? "कधीच नाही," मी म्हणाले. आवाज थोडा मोठा आला असावा, कारण सिस्टरनं मान वर केली. "मागे एका ठिकाणी मी दोन वर्षांपूर्वी केली म्हणून सांगितलं होतं. खोटं होतं ते." हे तिला सांगायची काही गरज नव्हती, कुणाला तरी सांगायची होती. ती म्हणाली, "बऱ्याच जणी सांगतात हो," आणि लिहिलं, 'पहिल्यांदाच'.

मला काडी नको होती. का, ते नीट सांगता येत नाही. त्या टेबलाशी माझं काहीतरी बाकी होतं. पडदा होता, पूर्ण होता, शिवाय दाराला आतून कडी. डॉक्टरांनी स्पेक्युलम आधी हातात दिला. प्लॅस्टिकचा, वाटला त्यापेक्षा लहान. "याहूनही छोटा आहे. थांबा म्हणालात की मी थांबणार," त्या म्हणाल्या. मी एकदा थांबा म्हटलं. खरं तर तेव्हा दुखत नव्हतं, त्या थांबतात का ते पाहायचं होतं. त्या थांबल्या. हात मागे घेतला, वाट पाहिली, काही विचारलं नाही. छताकडे बघत मी चार-पाच श्वास घेतले, मग म्हणाले, "हं." एक छोटा ब्रश आत फिरल्यासारखं झालं, खरवडल्यासारखं, पोटात एक कळ, आणि संपलं. मला रडू आलं. या वेळी कुणी काही म्हणालं नाही.

बाहेर आत्या कुठलंसं मासिक वाचत होती. तिच्या शेजारी तिशी-पस्तिशीची एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून, पाय खुर्चीखाली ओढून. तिनं माझे डोळे पाहिले असणार. मी जवळ आले तशी हळूच म्हणाली, "ताई, दुखतं का हो फार?" फार नाही असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "थोडं दुखतं. एक कळ येते. पण त्या सांगून करतात, आणि थांबा म्हटलं की थांबतात. मी म्हणून पाहिलं." ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग विचारलं, "तुम्हाला लगेच जायचंय?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं मासिकाचं पान उलटलं आणि तिच्या पलीकडच्या खुर्चीवरची आमची छत्री उचलून खाली ठेवली. मी बसले.